एकतीस नंबरची कुंडी

बनारसला, रामघाटावरच्या त्या गच्चीवर बावन्न कुंड्या होत्या आणि पाणी होतं बाराच कुंड्यांपुरतं. पुढचं सगळं त्याच्यातूनच घडलं.

आता कोणी म्हणेल, गंगा पायाशी असताना पाण्याची कसली ददात? तर शरदिनीआत्याच्या झाडांना गंगा चालत नव्हती. नळ चालत नव्हता, विहीर चालत नव्हती. ही झाडं मुळात दलदलीतली. क्षार असलेलं कुठलंही पाणी घातलं की महिन्याभरात मुळं कुजून माना टाकणार. त्यांना थेट आभाळातून पडलेलं पाणी हवं. म्हणून आत्या पावसाळाभर पन्हळीखाली चार निळी पिंपं भरून घ्यायची आणि तेच पाणी तांब्या-तांब्यानं पुढच्या जूनपर्यंत पुरवायची.

"आपले पूर्वज गंगेसाठी म्हणून बैलगाड्या जुंपून इथवर आले," इरावतीचे बाबा म्हणायचे, "आणि आमच्या ताईच्या झाडांना गंगा बाधते!"

बाबा, म्हणजे यज्ञेश, गल्लीतल्या वेदपाठशाळेत शिकवायचे. शरदिनीआत्या त्यांची थोरली बहीण. बँकेतून निवृत्त होऊन तिला वर्ष झालं होतं. घर एकच होतं. खाली इरावती आणि तिचे आईबाबा, आणि सगळ्यात वर, गच्चीला लागून, आत्याची खोली.

आणि झाडं? झाडं होती घटपर्ण्या. ज्यांनी घटपर्णी पाहिलेली नाही त्यांनी एक सनई डोळ्यांसमोर आणावी. तिची निमुळती बाजू मातीत रोवावी, फुललेलं तोंड वर करावं, आणि तोंडावर छत्रीसारखं एक झाकण बसवावं. झालं! हे फूल नव्हे, हे पान. एकेका झाडाला अशी सात-आठ पानं. आत्या त्यांना सनयाच म्हणायची. सनईच्या ओठावर गोड चीक असतो. मुंगी येते, चाटते, अजून चाटते, पाय घसरतो, आणि मग खाली, खाली, खाली. आतले सगळे केस उतरत्या दिशेनं वळलेले असतात. परत यायची सोयच नाही. इरावतीनं बाराव्या वर्षी पहिल्यांदा एक माशी अशी जाताना पाहिली होती आणि त्या दिवशी ती जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र शाळेतून आल्या आल्या, दप्तरासकट, ती पुन्हा तिथेच जाऊन बसली होती.

घटपर्ण्या साधारण हिरव्या असतात, लाल शिरांच्या. काही तांबूस निघतात. पण आत्याला हवी होती काळी. लाल नको, जांभळी नको, काळी. सहा वर्षांपूर्वी कालिम्पोंगच्या एका बाईंकडून तिनं दोन तांबड्या घटपर्ण्या आणल्या. त्या फुलल्या तेव्हा कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं एकीचे पराग दुसरीवर ठेवले. चिमूटभर बी मिळालं. ते ओल्या शेवाळात गुंडाळून चाळीस दिवस फ्रिजमध्ये, ताकाच्या भांड्याशेजारी, कारण ह्या बियांना आधी हिवाळा भोगल्याशिवाय जागच येत नाही. मग पेरणी. त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली होती. एका आईबापाची बावन्न लेकरं, आणि एक दुसरीसारखी नाही. आत्याचा जीव ह्याच बावन्नांत अडकला होता. त्यांत एखादी खरीखुरी काळी असेल तर तीच पुढच्या पिढीची आई होणार. आणि चुकून ती उपटली गेली तर संपलंच. तेच बी पुन्हा पेरलं तरी तेच झाड परत येत नाही.

लहान होत्या तोवर बावन्न जणी चार पिंपांत भागल्या. आता गुडघाभर झाल्या होत्या आणि पिणं म्हणजे नुसतं पिणं! बारा ठेवायच्या, चाळीस काढायच्या. त्याला इलाज नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी आत्यानं हाक मारली. "इरा, इकडे ये. हे कुठल्या रंगाचं आहे?"

"कुठलं?"

"हे माझ्या हातात आहे ते."

"लाल. म्हणजे विटेसारखं."

"आणि हे?"

"हे तर वांगं आहे पूर्ण."

आत्यानं दोन्ही पानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाली, "मला दोन्ही चहाच्या चोथ्यासारखी दिसतात."

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गुरुवारी पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मग महिनाभर वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. आणि तोवर थंडीनं सगळ्या सनया वाळून तपकिरी होणार, रंग बघायला काही उरणारच नाही. शिवाय पिंपं रोज उतरत होती.

"तेव्हा तूच बघ. तू निवड," आत्या म्हणाली. "मी नुसतं ऐकते."

वर्षभरापूर्वी कोणी असं म्हटलं असतं तर इरावती जिन्यात पळाली असती. वर्गात नाव पुकारलं तरी तिचा आवाज घशातच बसायचा. पण सप्टेंबरात काय झालं कोण जाणे, आंतरशालेय वादविवादाला दुसरी मुलगी आजारी पडली म्हणून तिला उभं केलं, आणि ती हातात कागद न घेता चार मिनिटं तडातडा बोलली. पहिला नंबर! तेव्हापासून तिला सगळ्याच विषयांवर मत होतं. "आधी हिचं ऐकायला कान लावावा लागायचा," बाबा म्हणायचे, "आता कानात बोटं घालावी लागतात."

"बस, हो गया समझो!" इरावती म्हणाली.

"हो गया नाही. प्रत्येकीसमोर निदान पाच मिनिटं बसायचं. चहूबाजूंनी बघायचं. आणि वरून पाणी अजिबात मारायचं नाही, सनई आतून भरली की आडवी होते." आत्यानं पेटीतून कापडाची एक पट्टी काढली. तिच्या आईच्या चंद्रकळेची, संक्रांतीला नेसायच्या काळ्या साडीची. "ही शेजारी धरायची. जी हिच्या जवळ जाईल तिला दहा. हिरवी असेल तिला शून्य."

बावन्न गुणिले पाच म्हणजे चार तास वीस मिनिटं. इरावतीनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि मनातल्या मनातच तो खोडून टाकला. शनिवारी दुपारी ती वही घेऊन बसली आणि पन्नास मिनिटांत उठली. नंबर सात, वांगं, नऊ. नंबर बारा, डाळिंबाची साल, सहा. नंबर एकोणीस, जांभूळ, नऊ! नंबर एकतीस, धुरकट, मरगळलेली, आजारी वाटते, दोन. बारांच्या गळ्यात लाल दोरा, चाळिसांच्या गळ्यात पांढरा. संध्याकाळी तिनं सगळे गुण मोठ्यानं वाचून दाखवले. अगदी बक्षीस समारंभासारखे.

"दहा एकीलाही नाही?" आत्यानं विचारलं.

"नाही गं. नऊ आहेत तीन."

"बरं." आत्या हसली, पण उगाच हसतात तसं. "पुढच्या पिढीत बघू."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आत्या खोलीत पडली होती आणि इरावती गच्चीवर पांढऱ्या दोऱ्यांची झाडं उपटत होती. कुंड्यांना वर जाळीचा पिंजरा होता, कारण बनारसची माकडं काहीही खाऊन बघतात. पिंजऱ्यात शिरायचं, कुंडी बाहेर आणायची, उलटी करायची, मुळांची वाळू झटकायची, झाड फरशीवर ठेवायचं. सुरुवातीला तिला वाईट वाटलं. दहाव्या झाडानंतर हात आपोआप चालायला लागले. तेवीस झाडं फरशीवर ओळीनं आडवी झाली. चोविसावी एकतीस नंबरची.

कुंडी उलटी करण्यासाठी तिनं झाडाला मुठीत धरलं. मग काहीतरी वेगळं लागलं म्हणून सोडलं. बाकीच्या सनया गुळगुळीत होत्या. हिच्या अंगावर लव होती, बारीक, मखमलीसारखी. आणि जिथे तिचा अंगठा घासला होता तिथे एक पट्टा उठला होता.

काळा.

इरावतीनं अंगठा पाहिला. तो करडा झाला होता. तिनं दोन बोटांत ते करडं चोळलं. मऊ. पिठापेक्षा मऊ. तिला अर्थातच माहीत होतं ते काय आहे. रामघाटावर सगळ्यांनाच माहीत असतं. मणिकर्णिका पायी सात-आठ मिनिटांवर, तिथे दिवसरात्र चिता, आणि वारा फिरला की राख इकडे. दोरीवरचे कपडे झटकून घालायचे. तुळशीचं पान फुंकर मारून तोंडात टाकायचं. पुण्याहून पाहुणे आले की तेवढ्यापुरतं कोणी म्हणतं, अय्या, हे काय पडतंय? बाकी आयुष्यभर राख कोणाला दिसत नाही. हातानं ती झटकली जाते आणि डोळे तिची नोंदही घेत नाहीत. गेल्या वर्षीपर्यंत रोपं प्लास्टिकच्या झाकणाखाली होती. उघड्यावरचा हा त्यांचा पहिलाच शरद ऋतू, आणि रंगही आत्ताच पहिल्यांदा भरला होता. पाऊस संपून सात आठवडे झाले होते. आणि सात आठवडे राख सगळ्यांवर थोडीथोडी बसत होती, पण ह्या मखमलीवर बसली ती धरूनच ठेवली होती.

तिनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि एक सनई खालपासून वरपर्यंत हलक्या हातानं पुसली.

नंतर पुष्कळ दिवस ती हे सांगायची, पण इथे येऊन तिचं वक्तृत्व संपायचं. काळी होती. वांगं नाही, जांभूळ नाही. झाडाला असा रंग असू शकतो हेच तिला माहीत नव्हतं. तिनं चंद्रकळेची पट्टी शेजारी धरली तर पट्टीच विटकी वाटायला लागली, इतक्या वर्षांची काळी साडी तपकिरी! तिनं सनईच्या तोंडात डोकावून पाहिलं. आतही काळोख, आणि त्या काळोखाच्या काठावर चिकाचे थेंब चमकत होते, आणि एक मुंगी काठावर उभी राहून मिशा हलवत होती. बावन्न भावंडांत, ह्याच उन्हात, ह्याच वाळूत, हे कुठून आलं? दोन तांबड्या आईबापांच्या पोटी? चार वर्षं हे इथेच उभं होतं. आणि आपण त्याला दोन गुण दिले. पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत.

मग तिनं मागे वळून फरशीवरच्या तेवीस झाडांकडे पाहिलं. त्यांच्यावरही राख होती. त्यांच्यात काय काय होतं कोणास ठाऊक? मुळं उन्हात होती. एका क्षणापुरतं तिच्या मनात हेही येऊन गेलं, की एकतीसचा दोरा बदलून टाकावा, बाकीचं कोणाला कळणार आहे? आत्याला तर दिसतही नाही.

ह्या शेवटच्या वाक्याची तिला इतकी लाज वाटली की ती धावतच खोलीत गेली.

"आत्या, ऊठ. मी सगळं चुकीचं मोजलंय."

आत्या उठून बसली. इरावतीनं एका दमात सांगून टाकलं. राख, लव, अंगठा, पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटांशी आवाज थोडा चिरकला, पण तेही सांगितलं.

आत्या ओरडली नाही. तिनं गच्चीवर येऊन कपड्यांच्या दोरीवरून एक बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. "तीस वर्षं मी ह्याच दोरीवरचे कपडे झटकतेय," ती म्हणाली. "मलाही सुचलं नाही. आणि मी तुला वरून पाणी मारू नको म्हणून सांगत बसले." मग लगेच, बँकेतल्या आवाजात, "मुळं आधी. तेवीसच्या तेवीस बादलीत घाल, पावसाच्याच पाण्यात. सगळ्या धुवायच्या. एकूण एक."

"नळाच्या पाण्यानं?"

"वाळलं की पांढरे डाग पडतील, पुन्हा पहिले पाढे. पिंपातलंच घे."

"पण आत्या, त्याला अर्धं पिंप जाईल! मग बारा पण नाही राहणार."

"दहा राहतील." आत्यानं पदर खोचला. "आंधळेपणानं बारा ठेवण्यापेक्षा बघून दहा ठेवू."

बाबा पाठशाळेतून आले तेव्हा गच्चीवर पूर्वेच्या कठड्यापाशी कुंड्यांची रांग लागली होती. पिंजऱ्यात दोन माणसांना वाकायला जागा नव्हती, म्हणून सगळं बाहेर काढलं होतं. आत्या कापूस भिजवून पिळून देत होती आणि इरावती एकेक सनई, बाळाचा कान पुसावा तशी, पुसत होती.

"काय गं ताई, नापास झालेल्यांची परत परीक्षा?"

"परीक्षक नापास झाली, यज्ञू. तू काठी घेऊन बस. माकडं बघ."

"चार वेद शिकून शेवटी हेच," म्हणत बाबा काठी घेऊन बसले. थोड्या वेळानं त्यांची नजर बादलीकडे गेली. पाणी करडं झालं होतं, दाट. "ही राख आहे?"

"हो. तिकडची," इरावती म्हणाली.

बाबांनी काठी खाली ठेवली. कोणाकोणाची असेल? कोण कुठून शेवटचा इथवर आला असेल, मद्रासहून, नेपाळातून, आणि उडून त्यांच्या गच्चीवरच्या एका पानावर येऊन बसला असेल? इरावतीच्या हातातला कापूस थांबला. ती नुसता रंग शोधत होती, आणि इतका वेळ काय पुसत होती हे तिला आत्ता कळलं.

"हे मोरीत ओतू नका," बाबा म्हणाले. एवढंच. मग बादली उचलून ते चार जिने उतरले, गल्ली आणि घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेपर्यंत गेले, आणि रिकामी बादली घेऊन परत आले. संध्याकाळपर्यंत त्यांनी अशा पाच खेपा केल्या आणि एकदाही विनोद केला नाही.

उपटलेली तेवीस झाडं पुन्हा वाळूत बसवेपर्यंत अंधार पडला. दिव्याच्या उजेडात रंगाचं काहीच धड कळेना. कुंड्यांची सरमिसळ झाली होती, नंबरांच्या पट्ट्या मातीत दबल्या होत्या. "राहू दे," आत्या म्हणाली. "माकडं झोपतील. सकाळी बघू."

सकाळी सहाला इरावती वर आली तेव्हा बाबा संध्या उरकून काठीसह हजर होते. नदीवर पातळ धुकं होतं. आत्या शाल गुंडाळून, भिंतीचा आधार घेत आली आणि पश्चिमेच्या टोकाला, जिथून तिला काहीच दिसणं शक्य नव्हतं, स्टुलावर बसली.

मग पलीकडच्या वाळवंटावरून सूर्य वर आला.

कुंड्या नेहमी असायच्या मागच्या बाजूला, पिंजऱ्यात. तिथे ऊन पोचायचं तेव्हा ते डोक्यावरून यायचं. ह्या झाडांच्या आयुष्यात पहिल्यांदाच उगवता सूर्य सरळ त्यांच्या पाठीमागून आला होता. आणि सनया पेटल्या. दुसरा शब्द नाही. शेकडो सनया, धुतलेल्या, ओलसर, एकेक करून आतून उजळत गेल्या. विटकरी, डाळिंबी, शेंदरी, मधासारख्या. ज्यांना तिनं परवा नऊ-नऊ गुण दिले होते त्यासुद्धा! वरून वांग्यासारखी दिसणारी सात नंबरची लाल काचेसारखी आरपार झाली. आतल्या मुंग्यांच्या सावल्या दिसत होत्या, शिरांच्या जाळ्या दिसत होत्या. बाबा "हरी हरी" असं काहीतरी पुटपुटले.

"इरा," मागून आत्याचा आवाज आला, "मला दिवे दिसताहेत."

"आत्या, तुला दिसतंय?"

"रंग नाही दिसत गं. उजेड दिसतो. लांबच लांब दिव्यांची ओळ." आत्या स्टुलावरून उठली होती, मान पुढे काढून, डोळे बारीक करून बघत होती. मग तिनं हात लांब केला. "तिथे, डावीकडून... मधोमध जरा अलीकडे. तिथला दिवा लागलेला नाही. तिथे काय आहे?"

इरावतीनं पाहिलं. दोन पेटलेल्या झाडांच्या मध्ये एक झाड होतं, त्याच्या आठही सनया सूर्यासमोर उभ्या होत्या, आणि त्यांच्यातून काहीही येत नव्हतं. फक्त कडेच्या लवेवर केसाएवढी एक सोनेरी रेघ होती. बाकी उजेड तिथे जाऊन थांबत होता. ती गुडघ्यांवर बसली, मातीत दबलेली पट्टी उकरली, अंगठ्यानं पुसली. पट्टीवर काय असेल हे तिला माहीत होतं, तरी तिनं ती दोनदा वाचली.

"एकतीस," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की आत्याला पुन्हा विचारावं लागलं. "एकतीस, आत्या."

आत्या भिंत सोडून पुढे आली. कठड्यावर एक माकड येऊन बसलं होतं, चांगलं मोठं, लाल तोंडाचं. बाबांची काठी मांडीवरच पडून होती. माकडही काही करत नव्हतं, ओळीकडे बघत होतं. आत्यानं खाली बसून दोन्ही तळहात त्या झाडाभोवती धरले, न शिवता, शेकोटीभोवती धरतात तसे.

"दुसरी आहे अशी?" तिनं विचारलं.

इरावतीनं ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. या खेपेला कुठेही घाई न करता. दोन कुंड्यांच्या पट्ट्याही उकरून वाचल्या. सूर्य एव्हाना वर सरकत होता, एकेक दिवा मावळत होता.

"नाही," ती म्हणाली. "पण चार नंबरची आणि चव्वेचाळीस, ह्या दोघी फार हळू पेटल्या. चव्वेचाळीसला परवा मी तीन दिले होते."

"मग त्या ठेव."

"आणि उरलेल्या सात?"

"बुधवारपर्यंत सकाळी रोज बघ. मला सांगत जा."

इरावतीनं एकतीस नंबरची कुंडी दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. छातीशी धरून, पावलं मोजत ती पिंजऱ्याकडे निघाली, आणि मग कुठे बाबांना काठीची आठवण झाली.